जुन्या वाड्याला हीट पंपाची ऊब पुरेल का?

शिवनेरीच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील जुन्या घरांना अशा वेळी गोधडी आणि शेगडी यांचाच आधार. मात्र बंद खोलीतील कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला वास नसल्याने झोपलेल्या माणसाला धोक्याची चाहूलही लागत नाही. गावाकडच्या घरी वृद्ध आई-वडील असतील, तर हीट पंपाचा, म्हणजेच ‘हॉट अँड कोल्ड’ एअर कंडिशनरचा, विचार करायला हरकत नाही.

साधा हीटर एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप उष्णता तयार करीत नाही. विहिरीतून पाणी उपसावे तशी बाहेरच्या गार हवेतील उष्णता उपसून तो घरात आणतो. एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. नॉर्वेसारख्या हिमप्रदेशात ही यंत्रे घरे तापवितात. जुन्नरची थंडी त्यांच्या दृष्टीने किरकोळच म्हणायची.

खरी परीक्षा घराची आहे. दगडमातीच्या दोन फुटी भिंतींमुळे वाडा उबदार राहतो, ही समजूत अर्धीच खरी. ऊब निसटते ती कौलांतून आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून. बारा बाय पंधरा फुटांची कौलारू खोली घेऊ. बाहेर आठ अंश असताना आत वीस अंश राखायचे, तर ढोबळ हिशेबाने ताशी अडीच युनिट उष्णता लागेल आणि त्यातील निम्मी एकट्या छतातून जाईल. दीड टनाचे यंत्र ती भरून काढते. वीज लागते पाऊण ते एक युनिट. कौलांखाली उष्णतारोधक छत बसवून फटी बुजविल्या, तर दीड युनिट उष्णतेत भागते आणि एक टनाचे यंत्रही पुरते. म्हणून पहिला खर्च छतावर करावा. वैशाखातही त्याचा उपयोग होतोच.

जाड भिंती आधी स्वतः ऊब पितात. त्यामुळे यंत्र मध्यरात्री नव्हे, दिवेलागणीलाच सुरू करावे. पहिल्या तासा-दोन तासांत खोली तापली नाही, म्हणून यंत्राला दोष देऊ नये. उघड्या चौकाचा अख्खा वाडा तापविण्याचा हट्ट मात्र व्यर्थ आहे. निजण्याची एक खोली पुरे.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. बाजारातील बहुतेक एअर कंडिशनर केवळ गारवा देतात, तेव्हा यंत्र उष्णताही देते का, हे विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे जुने वायरिंग आणि अर्थिंग. अनेक वाड्यांत ते दिवे-पंख्यांपुरतेच केलेले असते. यंत्रासाठी वेगळी जाड तार मीटरपासून ओढून घ्यावी लागते.