खेळाडू, आरोप आणि आपला निवाडा

श्रोतेहो, आवडत्या खेळाडूवर आपला मोठा जीव असतो. पण त्याने घरात बायकोवर हात उचलला, अशी बातमी आली म्हणजे आपण काय करतो? कोणी म्हणतो, "छे, तो असं करणारच नाही!" कोणी म्हणतो, "आजच्या आज त्याला हाकला!" चौकशी दोघांनीही केलेली नसते, निवाडा मात्र दोघेही देऊन मोकळे होतात.

अमेरिकेतली एक हकीकत ऐका. तिकडे ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. या खेळात बाल्टिमोरच्या संघाचा रे राईस हा नामांकित खेळाडू होता. १५ फेब्रुवारी २०१४ रोजी अटलांटिक सिटी येथे, एका जुगारगृहाच्या लिफ्टमध्ये, त्याने आपल्या वाग्दत्त वधूला मारलं. बेशुद्ध पडलेल्या तिला तो बाहेर ओढतो आहे, हे चित्रण चार दिवसांतच लोकांनी पाहिलं. खटला भरला गेला. पण पुढे न्यायालयाने त्याला सुधारणेच्या अटीवर सवलत दिली. मे महिन्यात संघाने दोघांना पत्रकारांपुढे बसवलं, आणि घडल्या प्रकारातल्या आपल्या वाट्याबद्दल तिला खेद वाटतो, हे तिचं म्हणणं संघानेच जगाला कळवलं. मार खाल्ला तिने आणि खेदही तिनेच करायचा!

जुलैमध्ये खेळाच्या संघटनेने त्याला शिक्षा केली. किती? दोन सामन्यांची बंदी. लोक खवळले. ऑगस्टमध्ये संघटनेच्या प्रमुखाने आपली चूक कबूल केली. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतलं चित्रण बाहेर आलं. त्याच दिवशी संघाने त्याला काढलं, संघटनेने बेमुदत बंदी घातली. माणूस तोच, कृत्यही तेच. नवं होतं ते फक्त चित्र! नोव्हेंबरमध्ये लवाद म्हणून नेमलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ही बंदी रद्द केली. राईसने संघटनेपासून सत्य लपवलं नव्हतं, तेव्हा एकाच कृत्याला दोनदा शिक्षा करता येणार नाही, असा त्यांचा निर्णय होता.

बंदी उठली म्हणजे मारहाण झालीच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच, की शिक्षा पुराव्यावर आणि नियमावर ठरावी. लोकांच्या ओरड्यावर नव्हे. चित्र नव्हतं तेव्हा शिक्षा फार थोडी झाली, चित्र आलं तेव्हा नियमाबाहेर गेली. आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं गेल्याने त्या बाईच्या दुःखाचा तमाशा झाला, तो निराळाच.

मग न्याय होईपर्यंत बाईने मार खात बसावं काय? मुळीच नाही. संरक्षण आणि शिक्षा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिक्षेला पुरावा लागतो, वेळ लागतो. संरक्षणाने थांबायचं नसतं. आपल्याकडच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, अंतिम निकालापूर्वीही न्यायदंडाधिकाऱ्याला अंतरिम आदेश देता येतो. १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करून स्त्रीला मदत मागता येते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात अशी बातमी वाचाल तेव्हा मुलांना तीन प्रश्न विचारा : हा आरोप आहे की निकाल? सांगणारा कोण? आणि खेळाडूच्या जागी गावातला साधा गडी असता, तर आपण हेच बोललो असतो काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने मनाशी द्यावं.