जुनी चेन सॉ घेताना: स्टिकर वाचा, पण माप मोजा

गटाच्या अवजार बँकेसाठी वापरलेली यंत्रं कशी पारखून घ्यायची, यावर आज आपण बोलू. आजचं यंत्र आहे लाकूड कापायची चेन सॉ. कुणी तिला कटर म्हणतं, कुणी नुसतंच ‘मशीन’.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. नारळी-पोफळी, आंबे आडवे झाले, रस्ते बंद पडले. पडलेली झाडं दूर करायला तेव्हा वाडीवाडीत ही मशीनं फिरत होती. त्या वेळी घेतलेली मशीनं आता जुनी झाली आहेत आणि मालक ती विकायला काढतात. गटालाही वाटतं, नवीन घ्यायला पैसे कमी पडतात, जुनी मिळाली तर भाड्याने देता येईल. विचार चांगला आहे. फक्त विकणारा म्हणतो, “ताई, अठ्ठावन सीसीची आहे, कसलंही खोड कापेल,” तेव्हा त्याचं बोलणं खरं की खोटं हे आपण कसं ओळखायचं? तेच आज समजून घेऊ.

आधी सीसी म्हणजे काय ते पाहू. इंजिनात एक गोल नळा असतो. मेकॅनिक त्याला ब्लॉक म्हणतात. त्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टन तळापासून वरपर्यंत जाताना जेवढी जागा व्यापतो, ते इंजिनाचं माप. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. म्हणजे ४५ सीसीच्या इंजिनातली ही जागा पंधरा मिलिलिटरच्या तीन मोठ्या चमच्यांएवढी. आपल्या ओळखीची स्कूटर साधारण ११० सीसीची असते, त्यावरून अंदाज करा.

डब्याचं माप काढायला आपल्याला दोनच गोष्टी लागतात, डबा किती रुंद आणि किती उंच. इथेही तसंच. ब्लॉकची आतली रुंदी, म्हणजे बोअर. आणि पिस्टनची चाल, म्हणजे स्ट्रोक. ही दोन मापं मिळाली की इंजिन किती सीसीचं ते कळतं. बाहेरचा रंग, आवाज, बारची लांबी यांवरून ते कळत नाही.

बारचं विशेष सांगायला हवं. पुढे जी लांब पट्टी असते आणि जिच्यावरून चेन फिरते, ती बार. लांब बार पाहिला की मशीन मोठं वाटतं. पण बार बदलता येतो. लहान इंजिनाला लांब बार लावला तर चेन लाकडात अडकते, माणूस जोर लावतो, इंजिन तापतं आणि मशीन हातात उसळण्याचा धोका वाढतो. साधारण हिशेब असा की ३० ते ३५ सीसीला बारा ते सोळा इंच, ४० ते ५० सीसीला सोळा ते अठरा इंच आणि त्याहून मोठ्या इंजिनाला अठरा-वीस इंचांचा बार. ३५ सीसीच्या मशीनला बावीस इंचांचा बार दिसला, तर ते मशीन नीट वापरलेलं नाही असं समजा.

आता तपासणीकडे वळू. त्याआधी चार गोष्टी. मशीन थंड हवं. स्विच बंद हवा. प्लगवरची टोपी काढून बाजूला केलेली हवी. आणि चेनवर कव्हर हवं, हातात जाड मोजे हवेत. टाकीत पेट्रोल असेल तर जवळपास चूल, बिडी, उदबत्ती काहीही नको.

पहिली पायरी, नंबर वाचणं. स्टिल कंपनीच्या मशीनवर ‘एमएस १८०’ किंवा ‘एमएस २५०’ असं लिहिलेलं असतं. खूप जण १८० म्हणजे १८० सीसी समजतात. तसं नाही. एमएस १८० हे ३१.८ सीसीचं इंजिन आहे आणि एमएस २५० हे ४५.४ सीसीचं. हा आकडा कंपनीने मॉडेलला दिलेलं नाव आहे. हस्कवर्नाच्या काही मॉडेलमध्ये शेवटचे दोन आकडे सीसीच्या जवळ येतात, जसं २७२ हे मशीन ७२.२ सीसीचं. पण त्याच कंपनीचं २३६ हे ३८.२ सीसीचं आहे, ३६ चं नाही. म्हणून आकड्यावरून अंदाज बांधू नका, त्या मॉडेलची माहितीपुस्तिका किंवा विक्रेत्याकडचा तक्ता पाहा.

बाजारात बिनकंपनीची मशीनंही खूप आहेत. त्यांवर ५२००, ५८०० असे आकडे असतात आणि दुकानदार ते ५२ सीसी, ५८ सीसी असे वाचून दाखवतो. इथे जास्त सावध राहा. आकडा स्टिकरवर छापलेला असतो आणि स्टिकर कुणालाही चिकटवता येतो. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

दुसरी पायरी, घराणं ओळखणं. एकाच सांगाड्यात कंपनी वेगवेगळी इंजिनं बसवते. एमएस १७० आणि १८० बाहेरून जवळजवळ जुळ्या बहिणी. १७० चा बोअर ३७ मिलिमीटर, १८० चा ३८. दोन्हींचा स्ट्रोक २८. तसंच एमएस २१०, २३० आणि २५० या एकाच घराण्यातल्या. जुन्या काळी त्यांचीच नावं ०२१, ०२३, ०२५ होती. सुट्या भागांवर ओतलेला क्रमांक ११३० ने सुरू झाला तर घराणं १७०-१८० चं आणि ११२३ ने सुरू झाला तर २१०-२३०-२५० चं. पण एवढ्याने घराणंच कळतं. त्यातली नेमकी कोणती बहीण, ते कळत नाही. दोरीच्या बाजूचं कव्हर, ज्याच्यावर मॉडेलचं नाव असतं, ते चार स्क्रू काढले की बदलतं. शिवाय दुरुस्तीत मेकॅनिकने आधीपेक्षा लहान ब्लॉक-पिस्टन टाकलेला असू शकतो. त्यात लबाडीच असेल असं नाही, त्या दिवशी दुकानात तोच मिळाला असेल. पण पैसे आपण मोठ्या मशीनचे देणार असतो.

तिसरी पायरी, मोजमाप. स्ट्रोक आपल्याला स्वतःला मोजता येतो. प्लग काढा. भोकातून अगरबत्तीच्या काडीएवढी जाड, गुळगुळीत बांबूची काडी पिस्टनवर हलकेच टेकवा. आत मोडेल अशी काडी नको आणि लोखंडी तार तर नकोच, तिचे ओरखडे उठतात. दुसऱ्या बाईने स्टार्टरची दोरी अगदी सावकाश ओढावी. काडी पिस्टनबरोबर वर येते आणि खाली जाते. सर्वांत वर असताना काडीवर भोकाच्या काठाशी पेनाने खूण करा, सर्वांत खाली गेल्यावर दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. काडी दाबून धरू नका. काही मशीनमध्ये प्लगचं भोक तिरकं असतं, त्यामुळे माप एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. तरी २८ आणि ३२ यांतला फरक कळतो. एमएस २१० चा स्ट्रोक २८ आहे, २३० आणि २५० चा ३२. म्हणजे मशीन न उघडताही २५० म्हणून २१० दिली जात असेल तर पकडता येईल.

बोअरसाठी मात्र मेकॅनिक लागतो. प्लगच्या भोकातून बॅटरी मारली तर कधी कधी पिस्टनच्या डोक्यावर कोरलेलं माप दिसतं, काजळीखाली लपलेलं असतं. ते नसेल तर ब्लॉक उतरवून व्हर्नियरने मोजावं लागतं. आपण सांगितलेल्या छोट्या मशीनमध्ये त्यासाठी अख्खं इंजिन सांगाड्यातून बाहेर काढावं लागतं आणि बसवताना सांधा पुन्हा नीट बंद करावा लागतो. म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्या आणि मजुरी कुणी द्यायची ते आधीच ठरवा. बोअर मोजताना घाई नको. ४० च्या जागी ४१ वाचलं तरी इंजिन पाच टक्क्यांनी मोठं दिसतं.

आता हिशेब. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा. बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, त्याला ०.७८५ ने गुणा, मग १००० ने भागा. एमएस १८० घेऊ. ३८ गुणिले ३८ गुणिले २८, म्हणजे ४०,४३२. त्याला ०.७८५ ने गुणलं आणि हजाराने भागलं की ३१.७ येतात. कंपनी ३१.८ सांगते. जुळलं. बोअर ३७ निघाला तर उत्तर येतं ३०.१, म्हणजे आत १७० चं इंजिन आहे.

आता ‘५८०० वालं’ मशीन घ्या. समजा, बोअर ४५ निघाला आणि स्ट्रोक ३३. हिशेब होतो ५२.५ सीसी. ५८ सीसी व्हायला त्याच ब्लॉकमध्ये पिस्टनची चाल साडेछत्तीस हवी. हे विकणाऱ्याला वहीवर करून दाखवा. भांडण करायची गरज पडत नाही. आकडा समोर असला की भाव आपोआप खाली येतो.

बायकांनी मशीनबद्दल विचारलं की दुकानात कुणी हसतं, कुणी म्हणतं, “घरातल्या पुरुषाला पाठवा.” आम्हाला हे नवीन नाही, तुम्हालाही नसेल. पण पैसा गटाचा आहे, दर आठवड्याला शंभर-शंभर करून साठवलेला. म्हणून दोघी-तिघी मिळून जा, सोबत वही न्या आणि शांतपणे म्हणा, “माप दाखवा, मग बोलू.”

सायलेन्सर काढायला लावा आणि त्या तोंडातून पिस्टनची बाजू पाहा. ती गुळगुळीत हवी. उभे खोल ओरखडे दिसले तर मशीन कमी तेलावर किंवा तेलाशिवाय चाललेलं असण्याची शक्यता मोठी. हे इंजिन टू-स्ट्रोक असतं, त्याला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. असे ओरखडे असले तर सीसी खरी असूनही ते मशीन घेऊ नका.

खरं माप माहीत असण्याचा फायदा पुढेही होतो. १७० ला १८० ची रिंग चालत नाही. चुकीची रिंग आणली तर बसचं भाडं वाया, दिवस वाया आणि ऐन हंगामात मशीन बंद.

गटाच्या वहीत एवढं लिहून ठेवा:
– कंपनी, मॉडेल आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक
– मोजलेला बोअर, स्ट्रोक आणि हिशेबाने आलेली सीसी
– बार किती इंचांचा
– पिस्टन कुणी पाहिला, तो कसा होता
– विकणाऱ्याची सही असलेली पावती, तिच्यावर सीसी लिहिलेली

शेवटची गोष्ट. मशीन आपलं असलं तरी झाड तोडायला परवानगी लागू शकते. महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा १९६४ पासून आहे. अंगणातलं, बांधावरचं झाड असलं तरी आधी ग्रामपंचायतीत आणि वनखात्याच्या कार्यालयात विचारा. भाड्याने मशीन देताना घेणाऱ्यालाही हेच सांगा. आणि मशीन चालवणारी व्यक्ती शिकलेली हवी, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट हवेत. चप्पल घालून चेन सॉ धरणाऱ्याला मशीन द्यायचं नाही, असा ठराव गटाच्या बैठकीतच करून टाका.

तुमच्या गटाने जुनी चेन सॉ मोजून पाहिली तर बोअर, स्ट्रोक आणि आलेलं उत्तर आम्हाला कळवा. हिशेब अडला तर तेही लिहा, आपण एकत्र सोडवू. पुढच्या भागात याच मशीनची चेन घरी धार कशी लावायची ते पाहू. तोपर्यंत नमस्कार.