माथेरानची डोंगरी रेल्वे

माथेरानची डोंगरी रेल्वे हा महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यात नेरळ ते माथेरान यांदरम्यान असलेला, सुमारे २० किलोमीटर लांबीचा अरुंदमापी (नॅरोगेज) लोहमार्ग आहे. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे २ फूट (६१० मिलिमीटर) आहे. हा मार्ग २२ मार्च १९०७ रोजी वाहतुकीस खुला झाला. सध्या तो मध्य रेल्वेच्या अखत्यारीत आहे. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘मिनी ट्रेन’ किंवा ‘माथेरानची राणी’ असे आहे.

पार्श्वभूमी

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील या पठाराकडे ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांचे लक्ष १८५० साली गेले. मुंबईच्या उकाड्यापासून जवळच विसावा देणारे हे ठिकाण लवकरच गोऱ्या अधिकाऱ्यांच्या व धनिक व्यापाऱ्यांच्या पसंतीस उतरले. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी नेरळवरून खोपोलीपर्यंत धावू लागली आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. पुढची चढण मात्र घोड्यावरून, पालखीतून किंवा पायीच करावी लागे. ही गैरसोय आणखी अर्धे शतक तशीच राहिली.

उभारणी

ही गैरसोय सरकारने नव्हे, तर मुंबईच्या एका बोहरा व्यापारी घराण्याने दूर केली. सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल पुरवले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला. नेरळला घोडा न मिळाल्याने चिडून आदमजींनी रेल्वेच बांधायला काढली, अशी एक आख्यायिका सांगतात. ती ऐकायला गोड असली तरी तिला आख्यायिकेपेक्षा अधिक वजन देऊ नये. सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे होते. बार्शी लाइट रेल्वेचे जनक म्हणून महाराष्ट्राला ते आधीच परिचित होते.

नेरळहून माथेरानला चढताना गाडीला साडेसातशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. निलगिरीच्या रेल्वेत यासाठी रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे. दार्जिलिंगच्या मार्गावर गाडी काही ठिकाणी उलटी मागे नेऊन वरच्या टप्प्यावर घेतात. माथेरानला यांपैकी काहीही केले नाही. येथे रूळ डोंगराच्या अंगाला बिलगून, प्रत्येक सोंडेला आणि घळीला वळसा घालत वर चढतात. म्हणूनच रेल्वेचा मार्ग रस्त्यापेक्षा कितीतरी लांब झाला. इतके करूनही काही ठिकाणी चढ १:२० इतका आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर जाते. साध्या रुळांवर चालणाऱ्या रेल्वेच्या दृष्टीने ही चढण खडी आहे.

संपूर्ण मार्गावर बोगदा एकच आणि तोही अगदी आखूड. त्याला मिळालेले ‘वन किस टनेल’ हे नाव त्याच्या लांबीचे अचूक माप सांगते. अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही. मार्गावर नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान अशी स्थानके आहेत. वॉटर पाईप हे नाव वाफेच्या इंजिनांना पाणी लागे त्या काळाची आठवण देते.

इंजिने

तीव्र वळणांवर नेहमीचे ताठ आसांचे इंजिन अडकले असते. त्यामुळे जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची, ‘क्लीन-लिंडनर’ पद्धतीची इंजिने आणण्यात आली. त्यांतील पहिली व शेवटची चाकजोडी पोकळ आसावर बसवलेली असे. आतला आस सरळ राही, पण बाहेरची पोकळ नळी चाकांसह वळणाच्या दिशेने किंचित फिरे. ही इंजिने १९८२ पर्यंत सेवेत होती. त्यानंतर डिझेलचेच राज्य आले. चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे असल्याने कित्येक वर्षे डब्यांवर ब्रेक लावणारे कर्मचारी असत. इंजिनाच्या शिट्टीचा इशारा ऐकून ते हाताने ब्रेक आवळत.

पाऊस आणि खंड

डोंगराला बिलगून जाण्याच्या रचनेमुळे बांधकाम आटोपशीर झाले, पण मार्ग उघडा पडला. कड्यावरून येणारा प्रत्येक ओढा रुळांखालून वाट काढतो. तुंबला तर भरावच घेऊन जातो. त्यामुळे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा भाग दरवर्षी बंद ठेवतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग जागोजागी उद्ध्वस्त झाला आणि गाडी पुन्हा धावण्यास २००७ साल, म्हणजे तिचे शताब्दी वर्ष उजाडले. मे २०१६ मध्ये डबे लागोपाठ घसरल्याने सेवा थांबवण्यात आली. नेरळहून ती पुन्हा सुरू झाली जानेवारी २०१८ मध्ये. पुढच्याच वर्षीच्या पावसाने मार्ग पुन्हा खचला, तो थेट २२ ऑक्टोबर २०२२ रोजी पूर्ववत झाला.

या खंडांची झळ पर्यटकांपेक्षा गावाला अधिक बसते. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असून वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात. त्यापुढे पायपीट, घोडा किंवा अलीकडे मर्यादित संख्येने आलेल्या ई-रिक्षा हेच पर्याय उरतात. अशा गावात रेल्वे ही निव्वळ करमणूक ठरत नाही. वृद्ध, आजारी माणसे आणि सामानसुमान यांच्यासाठी अमन लॉज ते माथेरान ही जेमतेम तीन किलोमीटरची शटल सेवा मोलाची आहे. या टप्प्यात मोठी चढण नसल्याने ती पावसाळ्यातही चालवता येते.

दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका–सिमला (२००८) या तीन मार्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आहे. माथेरानच्या रेल्वेचे नाव या वारशाच्या संभाव्य यादीत आहे.