लोणावळ्याचा बंगला, बंद दार आणि दोघांची संमती : 'किंक'बद्दल कायदा काय सांगतो?

पावसाळा सुरू झाला की शुक्रवार संध्याकाळपासून लोणावळा आणि मावळातल्या पवना धरणाजवळचे बंगले भरू लागतात. त्यात जोडपीही असतात. समजा, दोघांनी आपसांत ठरवून एकमेकांचे हात बांधले, डोळ्यांवर पट्टी बांधली किंवा चापट्या मारल्या, तर तो गुन्हा होतो का? अशा आवडींना किंक किंवा बीडीएसएम म्हणतात. त्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. उत्तर शोधावं लागतं ते नेहमीच्याच फौजदारी कायद्यात.

संमती असेल तर मारणं चालतं?

भारतीय न्याय संहितेचं कलम २५ सांगतं की, १८ वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता आहे हेही माहीत नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्यातलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे. १८६० च्या दंड संहितेतही कलम ८७ मध्ये ते होतं.

मात्र हाड मोडणं, दात पडणं, १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा तेवढे दिवस रोजची कामं न जमणं ही गंभीर दुखापत आहे. गळा आवळण्यासारख्या कृतीत तर जिवालाच धोका असतो. तिथे 'तिनेच सांगितलं होतं' हा बचाव टिकणं कठीण. शिवाय हा बचाव घ्यायचा, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते.

संमती कधी संमती नसते?

भीतीपोटी दिलेला किंवा काय चाललंय हे कळणार नाही इतक्या नशेत दिलेला होकार कलम २८ नुसार संमती नाही. बलात्काराच्या कलम ६३ मध्ये संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीसाठी स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार. स्त्रीने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तो गृहीत धरता येत नाही. हात बांधायला दिलेला होकार पुढच्या प्रत्येक गोष्टीला लागू होत नाही. 'सोड' म्हटल्यावरही न सोडणं म्हणजे संमती संपली.

नवरा-बायकोत मात्र मोठी पळवाट आहे. १८ वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला जबरदस्तीचा संभोग कलम ६३ मधून वगळला आहे. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लैंगिक छळालाही हिंसाचारच मानतो.

पोलिस दार वाजवू शकतात?

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतलं होतं. अनेकांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाबद्दल, कारवाई झाली. बंद खोली सार्वजनिक कशी, यावरून तेव्हा मोठी टीका झाली.

त्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये नवतेज जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. हॉटेलात राहायला लग्न झालेलं असावं, असाही कायदा नाही. पण बंगल्याच्या आवारातलं अंगप्रदर्शन रस्त्यावरून दिसत असेल, तर कलम ११० लागू शकतं.

व्हिडिओचं काय?

चित्रीकरणाला होकार म्हणजे पाठवायला होकार नव्हे. स्त्रीचा खासगी व्हिडिओ तिच्या संमतीशिवाय पसरवणं कलम ७७ नुसार गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'घरी दाखवेन' म्हणत पैसे मागणं ही खंडणी.

तक्रार कुठे करायची?

घटना लोणावळ्यातली असली तरी तक्रारीसाठी तिथेच परत जावं लागत नाही. गंभीर गुन्ह्याची तक्रार मुंबई, पुणे किंवा कुठल्याही पोलिस ठाण्यात 'झिरो एफआयआर' म्हणून देता येते, ती पुढे संबंधित ठाण्याकडे जाते. आणि सुरुवातीला आपण स्वतः 'हो' म्हटलं होतं, म्हणून नंतरच्या जबरदस्तीची तक्रार करण्याचा हक्क जात नाही.