संगणक एक, वापरणारे अनेक
१९६०च्या सुमारास संगणक खोलीभर मोठा आणि अतिशय महाग असे. एकाचे काम संपेपर्यंत बाकीचे ताटकळत. अमेरिकेतील एमआयटीत फर्नांदो कोर्बातो यांनी १९६१मध्ये त्यावर तोड दाखवली. संगणक प्रत्येकाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळे. तेही इतक्या झपाट्याने, की टंकयंत्रावर बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच वाटे. पण सामायिक यंत्रात खासगी फायलींचे काय? म्हणून पासवर्ड आला. पुढे याच यंत्रणेतील एका चुकीमुळे सर्वांचे पासवर्ड लॉग-इन करणाऱ्यांच्या पुढ्यात उमटले! आजही अनेकजण दुरून एकाच सर्व्हरवर काम करतात. तिथे प्रत्येकाचे खाते आणि पासवर्ड वेगळाच हवा. सगळ्यांत एकच वाटून घेतला, तर चूक कोणाची हेही कळत नाही.