मद्रासच्या डॉ. कनका

मेंदूच्या शस्त्रक्रियेत बायका शिरल्या त्या पुष्कळदा आणीबाणीच्या वाटेनं. १९४४ साली बुखारेस्टवर बॉम्ब पडत असताना डोक्याला मार लागलेला एक मुलगा रुग्णालयात आला. सर्जन कमी पडत होते, म्हणून सोफिया इओनेस्कू या शिकाऊ तरुणीनं त्याची कवटी उघडली, आणि पुढं आयुष्यभर तेच काम केलं. त्याच दशकात लंडनमध्ये डायना बेक मिडलसेक्स रुग्णालयात रुजू झाल्या. ‘विनी द पू’चे लेखक ए. ए. मिल्न यांच्यावर १९५२ साली त्यांनीच शस्त्रक्रिया केली.

भारतात पहिल्या महिला न्यूरोसर्जनचा मान डॉ. टी. एस. कनका (१९३२–२०१८) यांचा. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी लष्करात सेवा केली, १९६३ साली एम.एस. झाल्या आणि १९६८ साली न्यूरोसर्जरीत एम.सीएच. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी न्यूरोसर्जरीचा विभाग १९५० मध्ये सुरू केला होता. तिथं कनका स्टिरिओटॅक्टिक शस्त्रक्रियेकडे वळल्या. रुग्णाच्या डोक्याला चौकट बसवायची, एक्स-रेवर मोजमापं घ्यायची आणि कवटीच्या लहानशा छिद्रातून खोलवरचा नेमका बिंदू गाठायचा. सीटी स्कॅन नव्हता, सारी भिस्त गणितावर आणि हातावर. कंपवात आणि सेरेब्रल पाल्सीचे रुग्ण त्यांच्याकडे येत. १९७५च्या सुमारास त्यांनी मेंदूत कायमचे इलेक्ट्रोड बसवायला सुरुवात केली. ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ (मेंदूच्या खोल भागाला विजेनं उत्तेजना देणं) हे नाव आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! शंभराहून अधिक वेळा रक्तदान केलेल्या या बाईंचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवं.

पदवी मिळाली म्हणजे वाट मोकळी झाली, असं मात्र कुठंच घडलं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या प्राध्यापक फ्रान्सिस कॉन्ली यांनी १९९१ मध्ये विभागातल्या स्त्रीद्वेषी वागणुकीविरुद्ध जाहीर राजीनामा दिला. पुढं त्यांनी तो मागं घेतला, पण तोवर देशभर चर्चा पेटली होती. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरोसर्जरीचं विभागप्रमुखपद एका बाईला, मिशिगनच्या कॅरिन मुरास्को यांना, मिळायला २००५ साल उजाडलं.

आज आपल्याकडेही मुली या शाखेत येताहेत. त्यांच्या शिक्षकांना एवढीच विनंती: रात्रपाळी झेपेल का, लग्नाचं काय, हे प्रश्न मुलांना विचारत नसाल तर मुलींनाही विचारू नका. त्यांना शस्त्रक्रिया करू द्या.