बाद झालेल्याने काय करायचं?

कोजागिरीपासून एकतीस डिसेंबरपर्यंतचे महिने म्हणजे आपल्याकडचा एकत्र जमण्याचा मोसम. सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आटत असतं, ऑफिसात दिवाळीचा कार्यक्रम ठरलेला असतो, सुट्टीत एखाद्या घरी पंचवीस-तीस नातेवाईक गोळा झालेले असतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, काहीतरी खेळूया.’ मग खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या जातात, मोबाइल स्पीकरला जोडला जातो आणि संगीत खुर्ची सुरू होते. वीसेक मिनिटांनी पाहावं तर मोजकेच लोक धावताहेत आणि बाकीचे भिंतीला टेकून आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेत. यजमानांचा निष्कर्ष ठरलेला असतो: हल्ली लोकांना खेळायचंच नसतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे. लोक खेळायला उठले होते, खेळाच्या नियमानेच त्यांना परत बसवलं. खेळांची यादी करताना बक्षीस काय ठेवायचं, सूत्रसंचालन कोण करणार, हे सगळं ठरतं. पण बाद झालेला माणूस पुढे काय करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते जमलेल्या माणसांसाठी खेळ निवडताना हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

संगीत खुर्चीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तीस जण खेळायला उभे राहिले तर विजेता ठरायला 29 फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत 30 जण धावतात, दुसरीत 29, असं करत शेवटच्या फेरीत दोघं. या सगळ्यांची बेरीज होते 464. सगळेच शेवटपर्यंत खेळते, तर ती 870 झाली असती. म्हणजे खेळाचा जवळजवळ निम्मा वाटा कुणीतरी नुसतं बसून घालवतं. एक फेरी एका मिनिटाची धरली, तर पहिल्याच फेरीत बाद झालेल्याच्या वाट्याला एक मिनिट खेळ आणि अठ्ठावीस मिनिटं बसून राहणं येतं. त्यातही आधी बाद कोण होतं? गुडघे दुखणाऱ्या आजी, धक्काबुक्कीला बुजणारं मूल, नुकतेच राहायला आलेले आणि त्यामुळे संकोचणारे शेजारी. ज्यांना चार माणसांत मिसळायला खेळाचा आधार हवा होता, त्यांनाच हा खेळ पहिल्यांदा बाहेर काढतो. ज्याची या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ओळख आहे, तो चपळ तरुण शेवटपर्यंत टिकतो. स्पर्धा म्हणून यात काही गैर नाही. माणसं जोडण्याचा उपाय म्हणून मात्र हे उफराटं आहे.

मैदानी खेळ रचणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीच जाणवलेली दिसते. कबड्डीचे अमर, गामिनी आणि संजीवनी असे तीन प्रकार सांगितले जातात. त्यांच्यातला मुख्य फरक बाद गड्याचं काय करायचं, याच मुद्द्यावर आहे. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्या संघाला फक्त गुण मिळतो. गामिनीत बाद तो बाद. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला परत येता येत नाही. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो. आज देशोदेशी खेळली जाते ती स्पर्धात्मक कबड्डी या संजीवनीच्या वळणाची आहे. त्यामुळे बाहेर बसलेला गडी कधी मोबाइल काढत नाही. आत चाललेल्या प्रत्येक चढाईवर त्याचं स्वतःचं भवितव्य टांगलेलं असतं. विषामृतात गोठलेल्या गड्याला साथीदाराचा हात लागला की तो सुटतो, तिथेही तीच युक्ती आहे. आणि गल्लीतल्या मुलांनी तर कुठल्याही महासंघाची वाट न पाहता ‘कच्चा लिंबू’ नावाची सोय शोधून काढली. लहानगा खेळतो, पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांच्या कार्यक्रमांत इतका शहाणा नियम क्वचितच आढळतो.

आपल्या बायकांच्या खेळांत तर बाद होणं जवळपास नाहीच. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा, एकेक गाणं म्हणायचं आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं, चुकलं तर पुन्हा सांगायचं. दहा उत्तरं चुकलेल्या मुलीलाही खिरापत मिळतेच. मंगळागौरीतल्या झिम्मा-पिंग्यातही हरणं-जिंकणं दुय्यम असतं. एका तालात एकत्र हलण्याने नेमकं काय होतं, याचा अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी केला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात काही गटांना पावलाला पाऊल जुळवून चालवलं, काहींना आपापल्या चालीने. नंतर दिलेल्या खेळात पाऊल जुळवून चाललेल्यांनी एकमेकांशी अधिक सहकार्य केलं. फेर धरणाऱ्या बायकांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण इथे जुन्याचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. मंगळागौर सवाष्णींची होती. विधवेला त्या रात्री तिथे जागा नव्हती. म्हणजे खेळ सुरू झाल्यावर कुणी बाद होत नव्हतं, कारण ज्यांना बाद करायचं त्यांना दारातच थांबवलेलं असायचं. जुन्या खेळांची रचना घ्यावी, आमंत्रणाची यादी नव्हे. आज सोसायटीत भोंडला करायचा तर फेरात पुरुष, मुलगे, परप्रांतीय शेजारी सगळेच हवेत. गाण्यांचे शब्द छापून हाती दिले की तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे सूर लावतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो चुरशीचा. कुणी बाद होणार नसेल तर खेळाला धार कशी येणार? पण चुरस वेगळी आणि हकालपट्टी वेगळी. कबड्डीत चुरस कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. गुण मोजावेत, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, कुणीतरी जिंकावंही. फक्त मागे पडलेल्याला पुढच्या फेरीत परत संधी असावी. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातले टेरी ऑर्लिक यांनी तर 1978 मध्ये सहकार्याच्या खेळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या संगीत खुर्चीत खुर्च्या कमी होतात पण माणसं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी कसंबसं मावायचं. मुलांसाठी हे झकास आहे. मोठ्यांच्या कार्यक्रमात मात्र एकमेकांच्या मांडीवर बसण्याचा प्रसंग येतो आणि आपल्याकडे तो कुणालाच नको असतो, तेव्हा तिथे ही युक्ती वापरू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही माणसांना बघायलाच आवडतं, त्यांना कशाला ओढायचं? खरं आहे. ‘या ना, या ना’ म्हणत हात धरून उठवणं हाही एक जुलूमच. पण आपण होऊन बघत बसणं आणि नियमाने बसवलं जाणं यात फरक आहे. बघणाऱ्याला घड्याळ लावायला द्यावं, गुण लिहायला द्यावेत, वाद झाला तर पंच करावं. तो कार्यक्रमात असतो, आणि मन झालं तर उठूही शकतो.

हाउसी एवढी लोकप्रिय का, याचंही उत्तर इथेच मिळतं. तिकिटावर 27 चौकोन, त्यांत 15 आकडे, पुकारायला 1 ते 90. अक्कल लागत नाही, गुडघे लागत नाहीत, मराठी-हिंदी काही आलं नाही तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे फुल हाउस लागेपर्यंत कुणीच बाद नसतं. पहिले पाच हुकले तर ओळी आहेत, ओळी हुकल्या तर चार कोपरे आहेत. सहा वर्षांची नात आणि पंच्याहत्तर वर्षांचे आजोबा एकाच पायरीवर असतात. उच्चभ्रू नाकं मुरडतात, पण हाउसीची रचना संगीत खुर्चीपेक्षा कितीतरी माणुसकीची आहे. तिची उणीव दुसरीकडे आहे: प्रत्येक जण आपल्या तिकिटात बघतो, शेजाऱ्याकडे नाही. शंभर माणसं एका हॉलमध्ये बसून एकेकटी खेळतात. म्हणून जेवणाची वाट पाहताना हाउसी चांगली, पण संध्याकाळभर तेवढंच ठेवलं तर नवी ओळख एकही होणार नाही.

ओळख होते छोट्या गटात. इथे आपले आयोजक हमखास चुकतात. चाळीस माणसांचे दोन गट पाडतात, ‘मुलगे विरुद्ध मुली’ किंवा ‘ए विंग विरुद्ध बी विंग’. वीस जणांच्या गटात चार जण बोलतात आणि सोळा टाळ्या वाजवतात. त्या टाळ्याही पूर्ण जोराच्या नसतात! 1979 मध्ये बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जमेल तेवढ्या जोराने टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं, तेव्हा गट जसा वाढला तसा दर माणशी आवाज कमी होत गेला. गर्दीत आपल्यावाचून अडणार नाही असं वाटलं की माणूस हात आखडता घेतो. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये गप्पांचे घोळके मोजले, तेव्हा एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात असं दिसलं. तेव्हा गट चारांचे करावेत, आणि ते चिठ्ठीने पाडावेत. त्यासाठी पत्त्यांचा एक कॅट पुरतो. राजा, राणी, गुलाम बाजूला काढले की एक्क्यापासून दश्शीपर्यंत बरोबर चाळीस पानं उरतात. दारातच प्रत्येकाला एक पान द्यायचं. चार सत्त्या एकत्र, चार नव्व्या एकत्र. नवरा-बायको, सख्खे मित्र, एकाच मजल्यावरचे, सगळे आपोआप फुटतात आणि दहा गट तयार होतात. शिवाय आपल्या गटाचे तिघं शोधायला ‘तुमच्याकडे सत्ती आहे का?’ असं अनोळखी माणसाला विचारावंच लागतं. तो प्रश्न हाच संध्याकाळचा पहिला खेळ.

दहा गट झाले की बरेच नेहमीचे खेळ तसेच्या तसे चालत नाहीत, आणि ते बरंच आहे. सिनेमाचं नाव अभिनयाने ओळखायच्या खेळात एक जण हातवारे करतो, त्याचे तिघं ओळखतात आणि छत्तीस जण बघतात. तोच खेळ थोडा वळवता येतो. सूत्रधाराने मध्यभागी उभं राहावं, प्रत्येक गटातून एकाने त्याच्याकडे धावत यावं, सगळ्यांना एकच नाव दाखवावं, आणि दहाही जणांनी आपापल्या गटाकडे पळत जाऊन एकाच वेळी अभिनय करावा. ज्याने ओळखलं तो पुढचं नाव घ्यायला धावतो. दहा मिनिटांत चाळीसही जणांचा अभिनय होऊन जातो, आणि कुणाचाच अभिनय सगळे रोखून बघत नसल्यामुळे लाजाळू माणूसही हात हलवतो. गाण्यांच्या भेंड्यांचंही तसंच. दोन बाजू केल्या की दोन खड्या आवाजाच्या मावश्यांचा सामना होतो आणि बाकीचे भेंडी चढण्याची वाट बघतात. त्याऐवजी कोजागिरी आहे, तर ‘चंद्र’ शब्द द्यावा. तीन मिनिटांत प्रत्येक गटाने आठवतील तेवढी गाणी कागदावर लिहावीत, भाषा कुठलीही चालेल. मग पाळीपाळीने एकेक ओळ म्हणायची आणि दुसऱ्या कुणी म्हटलेलं गाणं आपल्या यादीतून खोडायचं. ज्याला गाता येत नाही त्याला आठवतं, ज्याला आठवत नाही त्याचं अक्षर बरं असतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत देवनागरी न वाचणारी मुलं असतात. तिथे शब्दाऐवजी गाण्याच्या सुरुवातीचे सूर ऐकवावेत, म्हणजे वाचण्याचा प्रश्नच उरत नाही.

‘इतकं ठरवून खेळलं तर मजा काय राहिली?’ हाही आक्षेप येईल. पण उत्स्फूर्त वाटणाऱ्या खेळामागेही तयारी असतेच. भोंडल्याला गाण्यांचा क्रम होता, हत्ती आधी काढलेला असायचा, खिरापत कुणाकडून हे ठरलेलं असायचं. तयारी नसेल तेव्हा आयोजक घाईत आठवेल तो खेळ घेतो, आणि आठवतो तो बहुधा संगीत खुर्चीच. तिचा एक गुण कबूल करायला हवा, ती आपोआप संपते. गटांचे खेळ रेंगाळतात. त्यांना घड्याळ लावावं लागतं आणि लोक रंगात असतानाच थांबवावं लागतं. दीड तासात चार खेळ पुरे. बक्षीसही बेताचंच असावं. ‘होम मिनिस्टर’ हा टीव्ही कार्यक्रम 2004 मध्ये अल्फा मराठीवर (आजच्या झी मराठीवर) आला, तेव्हापासून पैठणीचा खेळ गल्लोगल्ली पोचला आणि त्याने असंख्य गृहिणींना माइक हाती दिला, हे चांगलंच झालं. पण एका पैठणीसाठी तीस जणी, म्हणजे पुन्हा एकोणतीस बाद. जिंकलेल्या गटाला अर्धा किलो पेढे द्यावेत. ते वाटूनच खावे लागतात, आणि पंचाच्या निर्णयावर भांडण होण्याइतके महागही नसतात.

तरीही संगीत खुर्चीशिवाय कुणाचं पान हलत नसेल तर ती जरूर ठेवावी: आठ जणांची, सगळ्यात शेवटी, ताटं मांडली जात असताना. आणि यंदाची यादी करायला बसाल तेव्हा नेहमीच्या हौशी मंडळींसोबत गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद होऊन बसलेल्या एखाद्यालाही बोलवा.